डिम्पना कलिननच्या घरचे जंतू

डिम्पना कलिननच्या प्रार्थनेत नाव, गाव, पत्ता सगळं असायचं. देवाची चूक होऊ नये म्हणून. रोज सकाळी चर्चमधली मिस्साची उपासना आटोपली की ती आणखी थोडा वेळ गुडघ्यांवर राहायची आणि शेजारच्या अल्टन ब्रॉफीसाठी एक स्वतंत्र प्रार्थना म्हणायची. त्याला सुबुद्धी दे, आणि देताना आम्हाला दिसेल अशा बेताने दे, एवढंच तिचं मागणं. मागच्या बाकावरच्या बायकांना ही प्रार्थना पाठ झाली होती, कारण डिम्पना ती मनातल्या मनात म्हणते असं फक्त डिम्पनालाच वाटायचं.

मूळची ती घोड्यांच्या घरातली नव्हे. तिच्या वडिलांचं नास गावात बुटांचं दुकान होतं. जारलथ कलिननशी लग्न होऊन ती बॅलीकॅरनला आली तेव्हा घोड्याचं पुढचं टोक कुठलं एवढंच तिला ठाऊक होतं आणि तेही तिला फारसं आवडत नव्हतं. आमच्याकडे किल्डेअरमध्ये माणसाची पत त्याच्या घोडीच्या आजीवरून ठरते. बुटांना आजी नसते. सासूने पहिल्याच दिवशी तिच्या पायांकडे बघितलं आणि म्हणाली, "हे दुकानात परत करायचे असतील तर चिखलात जाऊ नकोस हो." ते वाक्य डिम्पनाने गिळलं, पण पचवलं कधीच नाही.

त्याच वसंतात एक मादी शिंगरू अशक्त जन्मलं. उभंसुद्धा धड राहीना. डॉक्टर मान हलवून गेले. सासू म्हणाली, अशी कितीतरी बघितली. डिम्पनाने मात्र नोव्हेना धरली. नऊ दिवस, रोज संध्याकाळी, स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून. खिडकीसमोर एक लहानसं कुरण होतं, आणि प्रार्थना करताना शिंगरू डोळ्यांपुढे असावं म्हणून तिने त्याला आईसकट तिथे आणवलं. शिंगरू जगलं. जारलथने कौतुकाने त्याचं नाव नोव्हेना ठेवलं, आणि तीन वर्षांनी त्या नोव्हेनाने करॅगच्या मैदानावर चक्क शर्यत जिंकली. खरं सांगायचं तर पुढचे दोन घोडे शेवटच्या टप्प्यात एकमेकांवर आदळले आणि मागून आपल्या चालीने येणाऱ्या नोव्हेनाला रस्ता मोकळा मिळाला. डिम्पनाच्या मते ते आदळणं नवव्या दिवसाच्या प्रार्थनेतच धरलेलं होतं. नोव्हेना पुन्हा कधी जिंकली नाही, पण त्याची गरजही नव्हती. चुलीवरच्या भिंतीला येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीशेजारी तिचा फोटो लागला आणि दोघांपुढे मिळून एकच लाल दिवा जळू लागला. सासूने मरेपर्यंत पुन्हा बुटांचा विषय काढला नाही.

तेव्हापासून घरातलं प्रत्येक शिंगरू, पाय जरा स्थिरावले की, नोव्हेनाच्या कुरणात जायचं. दुसरीकडे कितीही गवत माजलेलं असो. ते कुरण कधी नांगरलं गेलं नाही, कधी एक वर्ष मोकळं ठेवलं गेलं नाही. जारलथने एकदा तिथे नवं बी पेरायचं बोलून दाखवलं. त्या दिवशी डिम्पनाने त्याला उकडलेला कोबी वाढला, आणि मांस विसरली. तो समजला. पुढे जारलथ गेला. त्याचा अविवाहित धाकटा भाऊ फिन्टन घोड्यांचं बघू लागला आणि फिन्टनला तर चहात साखर हवी हेसुद्धा मोठ्याने सांगायचा संकोच. त्यामुळे कुरण तसंच राहिलं. जूनपर्यंत तिथलं गवत न्हाव्याने साफ केल्यासारखं व्हायचं, आणि शिंगरं पळाली की लाल माती उठून खिडकीच्या काचेवर बसायची. डिम्पना ती काच रोज पुसायची. नोव्हेनाची माती म्हणून पुसताना तिला बरंच वाटायचं.

आणि मग खोकला सुरू झाला. दरवर्षी नाही, पण बहुतेक वर्षी. दीड-दोन महिन्यांचं शिंगरू, चांगलं तुकतुकीत, एका सकाळी दूध अर्धवट सोडायचं. नाकपुड्या फाकायच्या, बरगड्या भात्यासारख्या चालायच्या. छातीत गळवं व्हायची. काही शिंगरं औषधाने उठायची, काही नाही. पावसाळी उन्हाळ्यात हे कमी आणि कोरड्या उन्हाळ्यात जास्त होतं, हे कुणाच्याही लक्षात यावं. डिम्पनाच्या लक्षात आलं ते वेगळंच. कुरणाच्या पश्चिमेला अल्टन ब्रॉफीची जमीन होती, आणि वारा पश्चिमेकडून येतो.

अल्टन आणि डिम्पना साधारण एका वयाचे. ती विधवा, तो विधुर, तोही घोड्यांची पैदास करणारा, आणि वर मेंढ्या पाळणारा. घोडेवाल्याने मेंढ्या पाळणं म्हणजे आमच्याकडे फादरने दारूचं दुकान काढण्यासारखं. मनाई नाही, पण लोक बघतात. डिम्पना तर म्हणायची, ब्रॉफीच्या घोड्यांना शर्यतीत मागे राहायची सवय लागली ती मेंढ्यांच्या संगतीने. त्याच्याही शिंगरांना खोकला व्हायचा. त्याचा सिद्धान्त असा की कलिननची जमीन उंचावर, त्याची सखल, तेव्हा पावसाचं पाणी तिची घाण घेऊन त्याच्याकडे उतरतं. एकाने वारा धरला, दुसऱ्याने पाणी. अशी बरीच वर्षं गेली. मिस्सेत शांतीचं हस्तांदोलन करायची वेळ आली की डिम्पना पिशवीत रुमाल शोधू लागायची, आणि अल्टन, जो फक्त नाताळला आणि अंत्यविधींना यायचा, दाराशी उभा राहून छताच्या लाकडांची पाहणी करायचा.

त्या वर्षी एप्रिलपासूनच पाऊस नव्हता. जूनच्या सुरुवातीला डिम्पनाकडचं एक नर शिंगरू मेलं आणि दुसरं धापा टाकू लागलं. सगळ्यात उशिरा, मेच्या अखेरीस जन्मलेली टिली अजून तबेल्यातच होती. टिली नोव्हेनाची पणती. वंशात उरलेली ही एकच मादी. तिची आई म्हातारी, पुन्हा व्यायची आशा नाही. टिली गेली की नोव्हेनाचं रक्त संपलं, आणि खिडकीशी बसून केलेले ते नऊ दिवसही.

ग्रॉनिया टूही ही आमच्या भागातली नवी पशुवैद्य. डब्लिनच्या प्रयोगशाळेत काही वर्षं जंतू न्याहाळून आली होती आणि तिला ते माणसांपेक्षा सोपे वाटायचे. मेलेल्या शिंगराची छाती उघडून बघितल्यावर तिने हात धुतले आणि शांतपणे सांगितलं की ही करामत रोडोकॉकस नावाच्या जंतूची आहे, मातीत राहतो, लिदीत वाढतो, धुळीबरोबर शिंगरांच्या छातीत जातो. टिलीला एवढ्यात त्या कुरणात सोडू नका, असंही ती म्हणाली. डिम्पनाने यातला धुळीचा भाग तेवढा ऐकला. धूळ कुणाची, एवढंच तिला विचारायचं होतं.

ग्रॉनियाच्या तोंडून एक गोष्ट निघून गेली, आणि मागाहून तिला तिचा पस्तावा झाला. ती म्हणाली की हल्ली जंतूंच्या जनुकांचा ठसा काढता येतो. दोन जंतू एका घराण्यातले की वेगळ्या, हे कळतं.

डिम्पना ताठ बसली. घराणी तिला समजायची. आमच्याकडे पोरांना पाढे येण्याआधी घोड्यांच्या चार पिढ्या येतात. जंतूंनाही वंशावळ असते हे ऐकून तिला आश्चर्य वाटलं नाही. उलट इतके दिवस हे कुणी सांगितलं कसं नाही, असंच वाटलं.

"म्हणजे माझ्या शिंगराच्या छातीतला ब्रॉफीचा आहे, हे कागदावर येईल?"

"कुणाचा आहे ते येईल, मिसेस कलिनन."

"तेच म्हणते मी."

ग्रॉनियाने सांगून बघितलं की असल्या तपासणीतून खटला उभा राहत नाही. पण डिम्पना फोन घेऊन बसली होती. दुपारपर्यंत सगळ्या बॅलीकॅरनला कळलं की ब्रॉफीचे जंतू पकडले जाणार. अल्टनला हे दुधाच्या दुकानात कळलं. तो भडकेल, नमुने द्यायला नकार देईल, अशी सगळ्यांची अपेक्षा. तो उलट हसला. माझी माती घ्या, लीद घ्या, हवं तर मलाही घ्या, म्हणाला, पण त्या बाईच्या दारातलीसुद्धा घ्या. पाणी कुठून कुठे जातं ते एकदा होऊन जाऊ दे. आपल्या निर्दोषपणाबद्दल इतकी खात्री असलेली दोन माणसं ग्रॉनियाने चर्चमध्येसुद्धा बघितली नव्हती.

तिने दोन दिवस काम केलं. आजारी शिंगरांच्या श्वासनळ्या धुऊन पाणी घेतलं, बाटल्यांत माती भरली, घोड्यांच्या मागे पिशव्या घेऊन हिंडली. डिम्पना तिच्या मागोमाग फिरून, ही बाटली नीट बंद झाली का, ती उलटसुलट तर होणार नाही ना, हे बघत होती. स्वतःच्या कुरणातून माती घेऊ द्यायला तिने आधी कां कू केली. मग म्हणाली, घे, निर्दोषालाही साक्ष द्यावीच लागते. अल्टनकडे ग्रॉनिया गेली तेव्हा त्याने तिला कुंपणालगतची ओल दाखवली, आणि ही ओल कुणाकडून येते ते तिने त्याच्या सांगण्याप्रमाणे लिहून घ्यावं असा आग्रह धरला.

निकालाला काही आठवडे लागणार होते. गावाने ते मजेत काढले. पबमध्ये दोन तट पडले, वारावाले आणि पाणीवाले. म्हाताऱ्यांनी जुनी वादळं आठवून काढली. रविवारी फादर तुमच्या शेजाऱ्यावर प्रेम करा या विषयावर बोलले तेव्हा सगळं चर्च मान वळवून डिम्पनाकडे बघत होतं, आणि डिम्पना मान वळवून दाराकडे.

इकडे टिली तबेल्यात होती आणि तिची म्हातारी आई दाराला लाथा घालत होती. घोडीला गवत हवं, शिंगराला पळायला जागा हवी. कोंडलेलं शिंगरू पायांनी बिघडतं. धापा टाकणारं दुसरं शिंगरू शेजारच्याच खणात होतं, आणि त्याचा श्वास करवतीसारखा ऐकू यायचा. तिथे फार दिवस ठेवणंही धोक्याचं, असं ग्रॉनिया म्हणालीच होती. डिम्पनाला आशा एवढीच होती की निकाल लागावा, ब्रॉफीवर काहीतरी कारवाई व्हावी, वाऱ्याचं तोंड वळावं आणि टिलीने नोव्हेनाच्या कुरणात पाय ठेवावा.

ग्रॉनिया कागद घेऊन आली तेव्हा डिम्पनाने चांगले कप काढले होते. सोडा ब्रेड कापून ठेवला होता, लोणी वेगळ्या बशीत. विजयाचा चहा असतो तसा.

ग्रॉनियाने टेबलावर एक मोठा तक्ता पसरला. झाडाच्या फांद्यांसारख्या रेघा, आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला एकेक नमुना. डिम्पनाने चष्मा लावला आणि विचारलं, "यात ब्रॉफीचे कुठले?"

"इथे एकही नाही. तुमच्याकडच्या शिंगरांत त्यांच्या जमिनीतलं काही सापडलं नाही."

"नीट बघ."

"बघितलंय. मेलेल्या शिंगराच्या छातीत तीन वेगवेगळ्या घराण्यांचे जंतू होते. तिन्ही तुमच्या त्या कुरणात आहेत. आजारी आहे त्याच्यातलेही तिथलेच. पाण्याच्या कुंडाभोवतीची माती तर त्यांनी भरलेली आहे." ग्रॉनियाने आवाज जरा खाली आणला. "कुणी आणून टाकलेले नाहीत, मिसेस कलिनन. तुमच्या घरचेच आहेत. दरवर्षी त्याच जागेत शिंगरं, दरवर्षी तीच लीद, तीच धूळ. पिढ्यान्पिढ्या वाढलेत."

तिने पुढेही सांगितलं. मातीतले सगळेच असले जंतू वाईट नसतात. काहींच्या अंगी जनुकांचं एक जास्तीचं वेटोळं असतं, शिंगराची छाती पोखरायचं काम त्या वेटोळ्याचं. साध्या कुरणात असे वेटोळेवाले थोडे. तुमच्या कुरणात मात्र त्यांचीच वस्ती. डिम्पना तक्त्याकडे बघत राहिली. तिच्या कुठल्याच घोडीची वंशावळ इतकी शुद्ध नव्हती.

टिलीचं काय, एवढंच तिने शेवटी विचारलं. ग्रॉनिया म्हणाली, दाट गवताची, न उकरलेली जागा हवी, जिथे शिंगरं कधी चरली नाहीत अशी. तुमच्या बाकीच्या जमिनीत एक तर दलदल आहे, नाहीतर तिथे घोडे फिरलेत. मग ती खिडकीबाहेर बघत म्हणाली की जवळपास अशी एकच जागा आहे. कुंपणापलीकडचं मेंढ्यांचं कुरण.

डिम्पनाने सोडा ब्रेडवर फडकं टाकलं. तिने फक्त एवढी विनंती केली की हे कुणाला सांगू नकोस. ग्रॉनिया म्हणाली, मी एकाचा कागद दुसऱ्याला दाखवत नाही. आणि तिथून गाडी घेऊन ती थेट ब्रॉफीकडे गेली. डिम्पना खिडकीशी उभी होती. आता पलीकडे हशा होईल, ब्रॉफी अंगणात येऊन हात वर करील, असं तिला वाटत होतं. तसं काहीच झालं नाही. गाडी तिथे हलेना. डिम्पनाने कप धुतले, पुसले, कपाटात लावले, तरी गाडी तिथेच. चांगली बातमी सांगायला इतका वेळ लागत नाही, हे तिला अनुभवाने ठाऊक होतं.

त्यानंतर गावाने एक चमत्कार बघितला. डिम्पना कलिनन आणि अल्टन ब्रॉफी दोघंही गप्प झाली. दुकानात कुणी विचारलं की डिम्पना हवेबद्दल बोलायची. अल्टन तर दुकानातच येईना. आधी पबमधल्या लोकांना वाटलं निकाल लांबला. मग हळूहळू उजेड पडला, आणि ज्यांनी पैजा लावल्या होत्या त्यांना फसवल्यासारखं वाटलं. कुणीतरी दोषी निघायला हवं होतं. दोघंही आपापल्या घरी दोषी, हा काय निकाल झाला?

डिम्पनाला हशाचं भय होतंच, पण आत वेगळंच काही कुरतडत होतं. ते कुरण म्हणजे या घरात तिने केलेली एकमेव गोष्ट. बाकी सगळं कलिनन लोकांचं होतं. जमीन त्यांची, घोडे त्यांचे, आडनावसुद्धा त्यांचं. ते कुरण तेवढं बूटवाल्याच्या पोरीचं. आणि आता एक कागद म्हणत होता की इतकी वर्षं ती दर वसंतात स्वतःच्या हाताने शिंगरं नेऊन नेमकी तिथे सोडत होती. कितीतरी नावं तिला आठवायला लागली. नावं ठेवण्याआधीच गेलेलीही आठवायला लागली, आणि ती जास्त त्रास देत होती.

एका सकाळी ती मिस्सेहून आली आणि बूट न बदलताच तबेल्यात गेली. टिलीला मोरखी घातली, म्हातारीला दोर लावला, आणि दोघींना घेऊन ती नोव्हेनाच्या कुरणाकडे निघाली. कागद माणसाने केलेला, म्हणाली, आणि श्रद्धेची परीक्षा अशीच असते. देव काही बोलला नाही. देवाचं गप्प राहणं म्हणजे होकार, असं ती आजवर धरत आली होती.

फिन्टन घमेलं घेऊन समोरून येत होता. तो वाटेतच थांबला. बाजूला झाला नाही.

"काय बघतोस?" डिम्पना म्हणाली.

"काही नाही." मग त्याने आणखी एक वाक्य पदरचं घातलं. "कालचं ते शिंगरू मीच पुरलं ना. खड्डा अजून ओला आहे."

धापा टाकणारं दुसरं शिंगरू आदल्या संध्याकाळी गेलं होतं. ते डिम्पनाला माहीत नव्हतं असं नाही. ती कुरणाच्या फाटकाशी पोचली, कडीला हात लावला. आत वाऱ्याची एक झुळूक आली आणि कुंडाजवळची माती उठून कमरेएवढी वर चढली, आणि खाली बसायला तिला बराच वेळ लागला. टिलीने नाक पुढे केलं. डिम्पनाने त्या नाकावर हात ठेवला, सबंध तळवा, श्वास कोंडण्याइतका, आणि टिलीने वैतागून मान झटकली. मग ती तिघींची वरात वळली. कडी न काढताच.

ती तबेल्याकडे गेली नाही. दोर हातात, मिस्सेचे बूट ब्रॉफीच्या कुंपणालगतच्या ओलीतल्या चिखलात, अशी ती रस्त्याने वळसा घालून ब्रॉफीच्या मेंढ्यांच्या कुरणाच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. अल्टन तिथेच होता, मेंढ्या मोजत असल्याचं नाटक करत. त्याने घोडी बघितली, शिंगरू बघितलं, मग तिचे बूट बघितले.

"वाट चुकलीस का, डिम्पना?"

"तुझ्या मेंढ्या दुसरीकडे जातील का?"

"का? त्यांनी काय केलं?"

"काही केलं नाही. म्हणून तर विचारते."

अल्टनने टोपी मागे सारली. चेहऱ्यावर बरीच वर्षं जपून ठेवलेलं हसू आणायचा त्याने प्रयत्न केला, पण ते नीट बसेना. "म्हणजे माझा वारा आता चालेल तुला?" तो म्हणाला. "का ग, कागदावर काय आलं?"

"तुझ्या कागदावर काय आलं?"

"मी आधी विचारलं."

"गाडी तुझ्याकडे जास्त वेळ उभी होती, ब्रॉफी."

एक मेंढी मध्येच खाकरली. दोघांनी तिच्याकडे असं बघितलं की जणू महत्त्वाचं तीच बोलली. शेवटी अल्टन फाटकावर कोपर टेकून, तिच्याकडे न बघता म्हणाला, "माझ्याही एकात चार घराणी निघाली. सगळी इथलीच. तुझं पाणीबिणी काही नाही."

"चार?"

"तुझी किती?"

"तीन," डिम्पना म्हणाली, आणि तिला जरा बरं वाटलं. ते बरं वाटणं तिने त्याच संध्याकाळी देवापुढे कबूल केलं, पण पस्तावा झाला असं मात्र म्हणाली नाही.

मग हळूहळू बाहेर आलं की ग्रॉनियाने त्यालाही हेच कुरण सुचवलं होतं. त्याच्याकडेही एक उशिराचं शिंगरू कोंडलेलं होतं. पण घोडे मेंढ्यांच्या जागेत आले तर गाव काय समजायचं ते समजेल, म्हणून तो आठ दिवस नुसता मेंढ्या मोजत होता. डिम्पनाने हे ऐकून घेतलं. दुकानदाराची पोर होती ती, गिऱ्हाईक अडलंय हे तिला लगेच कळायचं. ती म्हणाली की दोन्ही शिंगरं एकदम आत गेली तर कुणाचं कुणामुळे आलं हे कुणाला सांगता येणार नाही. लोकांना म्हणायचं, एकेकटी कंटाळतात, एकमेकांना सोबत.

"तुझं डोकं बुटांत वाया गेलं," अल्टन म्हणाला, आणि फाटक उघडलं.

मेंढ्या टेकडीवर गेल्या. टिली आणि ब्रॉफीचं शिंगरू गुडघाभर गवतात सोडली, आणि सोडल्यासोडल्या दोघांनी एकमेकांच्या पार्श्वभागाचा चावा घेतला. गावाला सोबतीची गोष्ट सांगण्यात आली. कुणीही तिच्यावर विश्वास ठेवला नाही. पण ती इतक्यांदा आणि इतक्या एका सुरात सांगण्यात आली की लोकांना वेगळीच शंका यायला लागली, आणि दोघांच्या वयाचा हिशेब पबमध्ये निघाला. डिम्पनाला ते कळलं तेव्हा ती फणकारली, पण दुसऱ्या दिवशी ब्रॉफीकडे गेलेला सोडा ब्रेड आदल्या दिवशीपेक्षा मोठा होता, हे फिन्टनच्या नजरेतून सुटलं नाही.

पुरता उन्हाळा डिम्पनाने धसक्यात काढला. सकाळ-संध्याकाळ ती जाऊन टिलीच्या बरगड्यांना कान लावायची. जुलैत एकदा टिली खोकली. एकदाच, पण डिम्पना धावत फोनकडे गेली आणि अल्टन तिच्या आधी ग्रॉनियाला घेऊन हजर. ग्रॉनियाने यंत्र लावून छाती तपासली. काही नव्हतं. गवताचं कुसळ घशात गेलं होतं. अल्टन म्हणाला, माझ्या गवतात कुसळ नाही. डिम्पना म्हणाली, असूही शकतं. तरी भांडण झालं नाही.

सप्टेंबरात टिली आईपासून तोडली तेव्हा ती चकचकीत आणि निरोगी होती. दोन्ही शिंगरांची छाती साफ, असं ग्रॉनियाने लिहून दिलं. पुढच्या वसंताआधी तिने दोघांकडून जुनी कुरणं नांगरून घ्यायची ठरवली होती, आणि आश्चर्य म्हणजे डिम्पनाने हूं की चूं केलं नाही. खिडकीसमोरचं कुरण उलथलं जात असताना ती आत चहा करत होती. नांगरवाल्याला तिने तो नेऊनही दिला. ग्रॉनियाला वाटलं, चला, एक माणूस तरी आपलं ऐकून शहाणं झालं.

फेब्रुवारीत पहिलं शिंगरू जन्मलं आणि ती सुया-बाटल्या घेऊन मेंढ्यांच्या कुरणापाशी आली. तिचा बेत सरळ होता. शिंगरं आत जाण्याआधी इथल्या मातीचा नमुना घ्यायचा, वर्षाने पुन्हा घ्यायचा, आणि एका हंगामानंतर जागा बदलायची. कारण गेल्या वर्षी इथे दोन शिंगरं होती, या वर्षी दोघांनी मिळून सात-आठ आणायची ठरवली होती. आणखी दोन-तीन वर्षं असंच चाललं तर इथेही तेच होणार, हे तिने कागदावर काढून आणलं होतं.

फाटकाशी दोघंही उभी होती. मेंढ्या कायमच्या हलवल्या होत्या. फाटकाला हिरवा रंग दिलेला, आणि वरच्या फळीवर अल्टनच्या अक्षरात टिलीचं नाव. कुंपणाशी पाण्याचं नवं कुंड. डिम्पनाने खांबाला सेंट ब्रिजिडचा बोरूचा क्रॉस अडकवलेला. ग्रॉनियाने बाटली काढली तेव्हा अल्टनने फाटकाच्या कडीवर हात ठेवला.

ग्रॉनियाने समजावलं, फक्त चमचाभर माती. तिने तक्ता उघडला, फांद्या दाखवल्या, गेल्या वर्षीच्या तीन घराण्यांची आणि चार घराण्यांची आठवण करून दिली. ती बोलत असताना डिम्पना एक पाऊल सरकून अल्टनच्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लागेल अशी उभी राहिली. इतक्या वर्षांत ही दोन माणसं एका बाजूला उभी असलेली बॅलीकॅरनने कधी बघितली नव्हती.

"बाई ग," डिम्पना मायेने म्हणाली, "तुझं शिक्षण मोठं आहे, आम्ही नाही म्हणत नाही. पण या जागेला हात नको लावूस. ही जागा लाभते."

"नांगर तर अजिबात नाही," अल्टन म्हणाला.

ग्रॉनियाने बाटली परत पिशवीत ठेवली.